प्रमाणपत्रामागचे प्रमाण

(व्यवसाय शिक्षण संस्थांचे मानांकन व मूल्यांकन या विषयावर कार्यकर्ते आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दहावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरात महाविद्यालयांची चर्चा सुरू होते. कोणत्या महाविद्यालयाला कोणती श्रेणी मिळाली, तेथील प्राध्यापक कसे आहेत, मागील वर्षी गुणांची अट काय होती, याची बारकाईने चौकशी होते. मात्र जो मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये जाणार असतो, त्याच्या घरी अशी चर्चा क्वचितच घडते. संस्था घराजवळ आहे, शुल्क झेपण्यासारखे आहे, ‘सरकारमान्य’ अशी पाटी आहे, एवढे पुरेसे मानले जाते. बैल विकत घेताना त्याचे दात पाहणारा, त्याला चालवून पाहणारा शेतकरी मुलाच्या आयुष्याची दोन वर्षे मात्र पाटीवर विश्वास ठेवून देऊन टाकतो. त्या पाटीमागे नेमके काय असते, ते कोण तपासते आणि त्या तपासणीवर कितपत विसंबावे, हा आजचा विषय आहे.

हमीची जुनी परंपरा

कारागिराच्या कामाची हमी समाजाने मागावी, ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘कंटकशोधन’ या अधिकरणाचा आरंभच कारागिरांविषयीच्या नियमांनी होतो. ठरलेल्या वेळेत काम न झाल्यास मजुरीचा चौथा भाग कापावा, सांगितल्याहून वेगळे काम केल्यास मजुरी तर जावीच, शिवाय दंडही व्हावा, अशी तरतूद तेथे आहे. विणकराला दिलेले सूत आणि त्याच्याकडून आलेले कापड यांच्या वजनाचा हिशेब आहे. सोनाराच्या कामावर देखरेख ठेवण्यासाठी स्वतंत्र अधिकारी आहे. कौटिल्याने कारागिराचे घर किंवा दुकान मोजलेले नाही, त्याच्या हातून उतरलेली वस्तू मोजली आहे. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण आजच्या व्यवस्थेची सारी मीमांसा त्याच्याभोवती फिरते.

आधुनिक काळातही या दिशेने प्रयत्न झाले. सयाजीराव गायकवाड यांनी 1890 साली बडोद्यात कलाभवनाची स्थापना केली. त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ तेथे आचार्य होता आणि तांत्रिक शिक्षण देशी भाषांतून द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके काही काळ याच संस्थेत शिकले. कलाभवनाचे नाव झाले ते तेथून बाहेर पडलेल्या माणसांमुळे.

व्यवस्था कशी उभी राहिली

स्वातंत्र्यानंतर 1950 साली केंद्र सरकारने शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. आजच्या आयटीआय याच योजनेची अपत्ये आहेत. 1956 साली राष्ट्रीय व्यावसायिक प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. अभ्यासक्रम, यंत्रसामग्री, जागा, निदेशकांची पात्रता यांचे निकष ठरविणे, संस्थांना संलग्नता देणे आणि परीक्षेनंतर राष्ट्रीय प्रमाणपत्र देणे ही तिची कामे होती. त्याच वर्षी संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला. 1961 साली शिकाऊ उमेदवारी अधिनियम आला. संस्थेत पाया घालावा आणि कारखान्यात हात पक्का करावा, अशी ही योजना होती. फिटर, टर्नर, वायरमन, वेल्डर म्हणून पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर, नाशिक, कोल्हापूरच्या कारखान्यांत उभी राहिलेली पिढी या व्यवस्थेतून घडली. त्या पिढीच्या हातातील राष्ट्रीय प्रमाणपत्राला उद्योगात मान होता.

संख्या वाढली, कस घटला

2007 साली देशात सुमारे 5,100 आयटीआय होत्या. त्यांपैकी 1,896 शासकीय होत्या, उरलेल्या खासगी. शासकीय संस्थांच्या उन्नतीसाठी त्या सुमारास मोठी योजना आखली गेली. 1,396 संस्थांना प्रत्येकी अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज देण्याचे ठरले आणि उद्योजकांच्या नेतृत्वाखाली व्यवस्थापन समित्या नेमण्यात आल्या. जेथे समितीतील उद्योजकाने मन लावले, तेथे संस्थेचा कायापालट झाला. जेथे समिती कागदावर राहिली, तेथे पैसा बँकेत पडून राहिला किंवा न लागणाऱ्या यंत्रांवर खर्च झाला.

दुसरीकडे खासगी संस्थांची संख्या वेगाने वाढली. दशकभरात एकूण संख्या 13 हजारांच्या पुढे गेली आणि आज पाचांपैकी जवळजवळ चार संस्था खासगी आहेत. खासगी असणे हा दोष नव्हे. अनेक सेवाभावी न्यासांनी आणि उद्योगसमूहांनी उत्तम संस्था चालविल्या आहेत. प्रश्न निर्माण झाला तो वाढीच्या वेगाला तपासणीचा वेग पुरा न पडल्याने. 2012 पासून संलग्नतेपूर्वी भारतीय गुणवत्ता परिषदेचे मानांकन आवश्यक करण्यात आले. त्रयस्थ संस्थेने तपासावे, हा हेतू स्तुत्य होता. परंतु नेमक्या याच काही वर्षांत हजारो नव्या संस्थांना मान्यता मिळाली आणि त्यांतील अनेक संस्था निकषांना उतरत नसल्याचे पुढे आढळले. श्रमविषयक संसदीय स्थायी समितीने 2018 साली सादर केलेल्या अहवालात या वाढीवर आणि मानांकनाच्या पद्धतीवर कठोर टीका केली. तपासणीची सूत्रे पुन्हा प्रशिक्षण महासंचालनालयाने हाती घेतली, 2018 साली संलग्नतेचे नवे निकष आले आणि 2025 साली वर्षानुवर्षे रिक्त राहिलेल्या लक्षावधी जागांची मान्यता काढून घेण्यात आली.

या घटनाक्रमाची किंमत कोणी मोजली, हे पाहिले पाहिजे. संस्थाचालकाने इमारत दुसऱ्या कामी लावली. तपासनीस पुढच्या गावी गेला. ज्या मुलाने दोन वर्षे आणि वडिलांची पुंजी दिली, त्याच्या हाती मात्र असे प्रमाणपत्र उरले, की ज्याकडे पाहून कारखान्याचा अधिकारी म्हणतो, “ठीक आहे, आता तुला काय येते ते दाखव.” जे आपल्याला कधी शिकवलेच गेले नाही, ते येत नाही म्हणून तो मुलगा स्वतःलाच दोष देत घरी परततो. ही हानी कोणत्याही अहवालाच्या तक्त्यात बसत नाही.

मोजावे काय?

तपासणीत जागेचे क्षेत्रफळ मोजता येते, वीजजोडणीचा भार पाहता येतो, यंत्रांची यादी तपासता येते. हे सारे आवश्यकच आहे. बारा जणांना पुरेल एवढ्या खोलीत वीस जणांची तुकडी वेल्डिंग शिकू शकत नाही. परंतु यंत्र असणे आणि यंत्र चालणे यांत अंतर आहे, आणि यंत्र चालणे व त्यावर प्रत्येक मुलाचा हात बसणे यांत त्याहून मोठे अंतर आहे. या अभ्यासक्रमांत सुमारे 70 टक्के भाग प्रात्यक्षिकाचा असतो. त्यासाठी लोखंड लागते, वेल्डिंगच्या कांड्या लागतात, तारा लागतात. कच्च्या मालाची खरेदी किती झाली, एवढी एक वही तपासली तरी वर्षभरात कार्यशाळेत काय घडले, ते उमगते. फिटरचा विद्यार्थी कानस चालवून दोन तुकडे एकमेकांत बसवतो, तेव्हा व्हर्निअर कॅलिपर 0.02 मिलिमीटरपर्यंत खरे सांगतो. त्या मापापुढे कोणतीही शिफारस चालत नाही.

दुसरी गोष्ट निदेशकाची. निदेशकांच्या प्रशिक्षणासाठी एक वर्षाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. पण तो पूर्ण केलेले निदेशक आवश्यक संख्येहून पुष्कळ कमी आहेत. शासकीय संस्थांत पदे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावर काम भागवले जाते. अनेक खासगी संस्थांत वेतन एवढे अल्प असते, की कुशल माणूस टिकत नाही. ज्या संस्थेत गुरूच नाही, तिला इमारतीच्या आधारे मिळालेली श्रेणी ही मूर्ती नसलेल्या देवळाच्या कळसासारखी होय.

2017 साली आयटीआयच्या श्रेणीकरणाचा उपक्रम सुरू झाला. संस्थेने आधी स्वतःचे मूल्यांकन करायचे, मग प्रत्यक्ष पाहणी व्हायची आणि तारांकित श्रेणी मिळायची, अशी त्याची रीत. महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी 1994 पासून राष्ट्रीय यंत्रणा आहे. कामगार घडविणाऱ्या संस्थांच्या वाट्याला अशी श्रेणी येण्यास त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला. हाताच्या कामाला समाजाने दिलेले स्थान यातून दिसते.

तपासणाऱ्याची तपासणी

राज्य संस्था चालवते. केंद्राचे महासंचालनालय अभ्यासक्रम ठरवते, संलग्नता देते, परीक्षेची व्यवस्था करते आणि प्रमाणपत्रही देते. एकाच यंत्रणेकडे इतकी कामे असली, की स्वतःच्या उणिवा स्वतःच शोधण्याची वेळ येते. त्रयस्थाकडे काम सोपवावे, तर दुसरा धोका उभा राहतो. ज्याची तपासणी करायची, त्याच्याच शुल्कावर तपासणाऱ्याचा निर्वाह चालत असेल, तर त्याचा निर्भीडपणा किती काळ टिकेल? उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात 2025 साली पाहणी समितीतील व्यक्तींना लाचखोरीच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा हा प्रश्न सर्वांनाच बोचला.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद हा नवा नियामक 5 डिसेंबर 2018 रोजी अधिसूचित झाला आणि 1 ऑगस्ट 2020 पासून त्याचे काम सुरू झाले. जुनी परिषद आणि राष्ट्रीय कौशल्य विकास अभिकरण यांचे कार्य त्यात विलीन करण्यात आले. प्रमाणपत्र देणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांना मान्यता देणे, त्यांच्यावर देखरेख ठेवणे आणि तक्रारींचे निवारण करणे हे त्याचे कार्यक्षेत्र आहे. थोडक्यात, तपासणाऱ्याची तपासणी. ही रचना योग्य आहे. तिला पुरेसे मनुष्यबळ आणि खरी स्वायत्तता मिळते का, यावर तिचे यश ठरेल.

जर्मनीचे उदाहरण या बाबतीत वारंवार दिले जाते. तेथे 1969 च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्यानुसार उमेदवार कारखान्यात आणि शाळेत असे दोन्हीकडे शिकतो. परीक्षा मात्र उद्योग व व्यापार मंडळे घेतात आणि परीक्षक समितीत मालक, कामगार व शिक्षक या तिघांचे प्रतिनिधी असतात. शिकवणारा एकटा परीक्षक नसतो, आणि ज्याला उद्या या तरुणाला कामावर घ्यायचे आहे, तो परीक्षेला उपस्थित असतो. ती पद्धत जशीच्या तशी येथे आणता येणार नाही, कारण आपले बहुतांश उद्योग लहान आहेत. परंतु तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीतील दोन अनुभवी कारागिरांना प्रात्यक्षिक परीक्षेस बोलावणे अशक्य नाही.

धोरणातील सातत्यही गुणवत्तेचाच भाग आहे. 2013 साली षण्मासिक पद्धत आली आणि 2018 साली पुन्हा वार्षिक पद्धत स्वीकारण्यात आली. अशा प्रत्येक बदलात निदेशकाचा वेळ खर्ची पडतो आणि विद्यार्थी गोंधळतो. आता ‘पीएम-सेतू’ या योजनेद्वारे 1,000 शासकीय आयटीआयच्या उन्नतीसाठी केंद्र, राज्ये आणि उद्योग मिळून 60 हजार कोटी रुपये उभारावयाचे आहेत. 4 ऑक्टोबर 2025 रोजी तिचा शुभारंभ झाला. 200 प्रमुख संस्था आणि त्यांच्याशी जोडलेल्या 800 संस्था अशी तिची रचना आहे. 2007 च्या योजनेचा अनुभव ताजा आहे. पैसा यंत्रे आणू शकतो. त्या यंत्रांवर मुलांचे हात चालतात की नाही, हे जागरूक समाजालाच पाहावे लागते.

समाजाचे कर्तव्य

संस्थेचा तपासनीस वर्षातून एखादा दिवस येतो. समाज तेथे बाराही महिने असतो. म्हणून पालकांनी प्रवेशापूर्वी काही गोष्टी अवश्य पाहाव्यात. संलग्नता ही सबंध संस्थेला सरसकट नसते, ती व्यवसायनिहाय आणि तुकडीनिहाय असते. तेव्हा ‘संस्था मान्यताप्राप्त आहे का’ असे न विचारता, ‘या व्यवसायाची ही तुकडी संलग्न आहे का’ असे विचारावे आणि उत्तर शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर पडताळून पाहावे. महाराष्ट्रात आयटीआयचे प्रवेश संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतात, त्या यादीत नाव नसलेल्या संस्थेपासून दूर राहावे. कामकाजाच्या दिवशी कार्यशाळेत जावे. यंत्रांवर धूळ आहे की ताजा कीस पडलेला आहे, हे पाहायला अभियंता असावे लागत नाही. मागील दोन वर्षांतील चार विद्यार्थ्यांना भेटावे. परीक्षेस बसण्यासाठी 80 टक्के उपस्थिती लागते. “येण्याची गरज नाही, प्रमाणपत्र मिळेल,” असे सांगणारी संस्था मुलावर उपकार करीत नसते, त्याची फसवणूक करीत असते. अशा सवलतीचा मोह पालकांनी टाळला नाही, तर कोणताही नियामक मुलाला वाचवू शकणार नाही.

कार्यकर्त्यांचे काम याहून पुढचे आहे. आपल्या तालुक्यातील आयटीआयशी संपर्क ठेवणे, व्यवस्थापन समितीची बैठक नियमित होते का याची विचारपूस करणे, परिसरातील उद्योजक आणि निवृत्त कारागीर यांना महिन्यातून एकदा कार्यशाळेत नेणे, माजी विद्यार्थ्यांचा मेळा जुळवणे ही कामे कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहत नाहीत. एखाद्या संस्थेची मान्यता गेली, तर अर्ध्या वाटेवर राहिलेल्या मुलांना जवळच्या संस्थेत सामावून घेतले जाते की नाही, याचा पाठपुरावा करणे हे तर तातडीचे कर्तव्य होय. दोष संस्थेचा आणि शिक्षा विद्यार्थ्याला, असे होऊ देता कामा नये.

दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो. ते हत्यार पेलणारा हात तयार करणाऱ्या संस्थेची विचारपूस वर्षातून एकदा तरी व्हावी. घरातील वीज जोडणारा, लिफ्ट दुरुस्त करणारा, रुग्णालयातील यंत्रणा चालू ठेवणारा तरुण ज्या प्रमाणपत्राच्या बळावर आपल्या दारी येतो, ते खरे असण्यात त्याचे हित आहे, तसे आपले प्राणही आहेत. शासनाने तपासावेच, पण शासनाला तपासायला लावणारा समाज जागा असेल, तरच पाटीवरचा ‘सरकारमान्य’ हा शब्द पुन्हा विश्वासाने वाचता येईल.