हंडाभर पाणी आणि गप्पी मासे

श्रोतेहो, सुरगाण्यात राहणाऱ्या माणसाने घरात मासे पाळावेत का, असे मला अनेकांनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. पावसाळ्यात इथे आभाळ फाटते, पण पाणी नार-पारच्या वाटेने समुद्राला जाते. एप्रिल-मेमध्ये पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन लांब चालतात. तिथे काचेच्या पेटीत शोभेसाठी पाणी ठेवायचे?

म्हणून आधी हिशेब सांगतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. आठवड्याला त्यातले पाव पाणी बदलायचे, म्हणजे साधारण एक हंडा. हा हंडा मोरीत ओतायचा नाही. माशांच्या विष्ठेने त्याचे खत झालेले असते. आमची मिरची आणि कढीपत्ता त्यावरच पोसले आहेत. अम्मी एका तांब्यात वजू करायच्या. त्यांच्या घरात पाण्याची उधळपट्टी चालण्यासारखी नव्हतीच.

खरे तर मासा पाळायचा नसतो, पाणी पाळायचे असते. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि तो विषारी असतो. वाळूत, स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत पहिल्याच दिवशी वीस मासे सोडले की आठवड्यात ते मरतात आणि दोष दुकानदाराला जातो. दोन-तीनच सोडा. स्पंज साबणाने किंवा नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. विहिरीत टीसीएल पावडर टाकली असेल तर ते पाणी दिवसभर उघड्या बादलीत राहू द्या.

मासा कोणता? माझे मत गप्पीला. डास-अळ्या खाणारा म्हणून आरोग्य खाते तो वाटते. मूळचा त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा, १८६६ मध्ये गप्पी नावाच्या गृहस्थांनी त्रिनिदादहून नमुने लंडनला पाठवले, म्हणून हे नाव. गप्पांशी त्याचा संबंध नाही, मासा अगदी मुका.

त्याच्या रंगाची गंमत ऐका. निळी झाक हा रंग नव्हेच, कातडीतल्या बारीक स्फटिकांवरून परतणारा तो प्रकाश. केशरीचा काही भाग मासा स्वतः घडवतो, काही मात्र त्याला खाण्यातूनच मिळवावा लागतो. नुसत्या कोरड्या दाण्यांवर तो फिका पडतो. शेवाळ, उकडलेला पालक, डासांच्या अळ्या द्या, पण दोन मिनिटांत संपेल एवढेच. अंधाऱ्या कोपऱ्यातही रंग उतरतो. दिवसाला सात-आठ तास उजेड हवा, थेट ऊन नको. उन्हाने काच हिरवी होते.

झाडे आपल्याच नदी-तळ्यांतली चालतात. हायड्रिला, फितीसारख्या पानांची वॅलिसनेरिया. ती नायट्रेट शोषतात, दिवसा प्राणवायू देतात. रात्री मात्र तीही तो घेतात, म्हणून वीज जाते त्या गावात गर्दी करू नये. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून दिसले तर ते भुकेले नसतात, गुदमरलेले असतात.

गप्पीची मादी महिन्या-महिन्याला पिल्ले देते. ती नदीत सोडू नका. नार-पारच्या माशांची अंडी-पिल्ले ती खातील. मी मागणाऱ्याला बरणीत भरून देतो, वर हायड्रिलाची एक काडी टाकून.