आघाताची विद्या

मारणें शिकवावें लागत नाहीं, असा सर्वसाधारण समज आहे. राग आला कीं मूठ आपोआप वळते. मग त्यासाठीं गुरु कशाला, असा प्रश्न पुष्कळ सुशिक्षित घरांतून विचारला जातो. मुलानें अगर मुलीनें वुशूसारखी चिनी युद्धकला शिकण्याची इच्छा बोलून दाखविली, कीं ही विद्या त्यांना भांडखोर तर करणार नाहीं ना, ही शंका आईबापांच्या मनांत येतेच. शंका गैर नाहीं. परंतु तिचें उत्तर आघात किती जोराचा आहे यांत नसून, तो कशावर आणि कोणाच्या देखरेखीखालीं केला जातो, यांत आहे.

मराठवाड्याला अंगविद्या नवीन नाहीं. लातूर जिल्ह्यांतील रामलिंग मुदगडचे मल्ल हरिश्चंद्र बिराजदार यांनीं १९७० सालीं एडिंबरोच्या राष्ट्रकुल सामन्यांत सुवर्णपदक मिळविलें. परंतु कुस्ती ही पकडींची व पेचांची विद्या होय. तींत ठोसा अगर लाथ यांस स्थान नाहीं. म्हणूनच दोघे सोबती तांबड्या मातींत रोज पूर्ण बळानें झुंजूं शकतात. चीत झालेला गडी माती झाडून पुन्हां उभा राहतो. आघाताचें तसें नाहीं. पूर्ण बळाचा ठोसा सोबत्यावर रोज आजमावतां येत नाहीं, आणि नेहमीं हात राखून मारलेला ठोसा प्रसंगीं उपयोगी पडत नाहीं. या विद्येंतील खरी अडचण ती हीच.

शस्त्रविद्येनें हीच अडचण आपल्या परीनें सोडविली. ज्या नांदेडांत गुरु गोविंदसिंग यांनीं १७०८ सालीं देह ठेवला, तेथें हुजूर साहिबच्या होला मोहल्ल्याच्या मिरवणुकींत गतक्याचे हात दिसतात. तलवारीच्या जागीं सोटी आणि ढालीच्या जागीं लहानशी फरी आली. त्यामुळें वार खरा, पण जखम नाहीं, असा अभ्यास शक्य झाला. मराठी आखाड्यांतील फरीगदगा हा त्याच कुळांतला.

चिनी वुशूंतील प्रत्यक्ष झुंजीच्या प्रकाराला ‘सांदा’ म्हणतात. चीनमध्यें १९७९ सालापासून त्याला आधुनिक सामन्याचें रूप देण्याचे प्रयोग सुरू झाले, आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई सामन्यांत त्याला स्थान मिळालें. त्यांत ठोसा, लाथ आणि फेंक या तिन्हींना मुभा आहे. कोपर, गुडघा व डोकें यांनीं मारण्यास, तसेंच मानेवर अगर मस्तकाच्या मागील बाजूवर प्रहार करण्यास मनाई आहे. कुस्तीच्या मुलखांतून आलेल्या मुलाला येथें एक फायदा असतो: आलेली लाथ पकडून प्रतिस्पर्ध्याला खालीं पाडण्याचें मर्म त्याला लवकर उमगतें. शिकावयाचा असतो तो आघात.

आघाताचें बळ मनगटांत नसतें, पावलांत असतें. एक पाय पुढें, एक मागें, गुडघे किंचित् सैल, हनुवटी खालीं, दोन्ही मुठी गालांपाशीं, असा पवित्रा घेतल्यावर मागची टांच उचलून वळते; तिच्यामागून कंबर, कंबरेमागून खांदा आणि सर्वांत शेवटीं मूठ पुढें जाते. मनगट सरळ रेषेंत राहून भार पहिल्या दोन बोटांच्या मुळांवर पडला पाहिजे. नाहींतर करंगळीकडील हाड दुखावतें. मूठ आघाताच्या क्षणींच आवळावयाची, त्याच क्षणीं श्वास सोडावयाचा, आणि जितक्या वेगानें ती गेली तितक्याच वेगानें परत आणावयाची. लाथेंतही गुडघा आधीं वर येतो, उभ्या पायाची टांच वळते, आणि मग पोटरी सुटते.

हें सर्व अंगीं मुरतें तें पॅडवर. पॅड म्हणजे पंजावर चढवावयाची जाड, भरीव गादी. लाथेसाठीं ती लांबट असते व हाताच्या पुढच्या भागावर बांधतात. टांगलेल्या पोत्यावरही ठोसे मारतां येतात. परंतु पोतें चाल करून येत नाहीं, आणि चूक झाली तरी बोलत नाहीं. पॅड धरणारा दोन्ही करतो. तो पॅड आपल्या अंगाजवळ, हनुवटीच्या उंचीवर धरतो आणि ठोसा येतांच किंचित् पुढें सरून त्याला सामोरा जातो. त्यानें हात ढिला सोडला, तर मारणाऱ्याच्या कोपराला हिसका बसतो. फार जोरानें पुढें केला, तर मनगट मुरगळतें. पॅड तो क्षणभरच दाखवितो. तेवढ्यांत पाहणें, अंतर जोखणें आणि मारणें हीं तिन्ही कामें शिष्याला करावीं लागतात. त्याची दुसरी मूठ गालापासून खालीं आली, कीं पॅडची हलकी चापट त्याच गालावर बसते. दोन मिनिटें काम, एक मिनिट विसांवा, आणि नंतर अदलाबदल: मारणारा धरणारा होतो.

या अदलाबदलींतच आईबापांच्या शंकेचें उत्तर आहे. जो दुसऱ्याचा आघात रोज आपल्या हातांवर झेलतो, त्याला आपल्या आघाताचें वजन कळूं लागतें. रागानें मारलेला ठोसा पॅडच्या मध्यावर बसत नाहीं, हेंही त्याला आपोआप समजतें. मुलींनाही ही विद्या परकी नाहीं: मणिपूरच्या रोशिबिना देवी यांनीं २०२३ सालीं हांगचौ येथें झालेल्या आशियाई सामन्यांत सांदामध्यें रौप्यपदक मिळविलें.

म्हणून मुलाला अगर मुलीला या वर्गांत घालण्यापूर्वीं पालकांनीं एक संध्याकाळ तेथें जाऊन बसावें. भिंतीवरील पदकें पाहूं नयेत. पॅड कोण धरतो आणि कसा धरतो, तें पाहावें. नवख्या मुलांना पहिल्याच आठवड्यांत एकमेकांच्या अंगावर सोडतात, कीं हाताला पट्टी गुंडाळण्यापासून आरंभ करतात, हेंही पाहावें. जेथें शिक्षक स्वतः पॅड धरतो, दमलेल्या शिष्याला थांबवितो, आणि मारण्याइतकेंच झेलणेंही शिकवितो, तेथें मूल निर्धास्तपणें सोंपवावें.