त्या स्पर्धेसाठी मी अजून लहान आहे!

27व्या वर्षी मी फिगर स्केटिंग सुरू केलं. शेजारी सात-आठ वर्षांची पोरं भिंगरीसारखी फिरतात, आणि मी तीन महिने थ्री-टर्नवरच अडकलोय. मागच्या रविवारी तर बूट विकायला काढले होते, खरंच.

मग 'ॲक्सेल कधी जमणार?' हा प्रश्नच बंद केला. समोर तोंड करून उडी, हवेत दीड गिरकी, लांबची गोष्ट आहे ती. आता एकच मोजतो: डाव्या पायावर किती सेकंद तोल राहिला. आधी 4, आता 9.

आणि पडायला शिकलो. गुडघे वाकवून, कुशीवर, मुठी आवळून, म्हणजे बोटं ब्लेडखाली येत नाहीत. भीती गेली की पाय ऐकतात.

जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला प्रौढांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. किमान वय 28. म्हणजे मला उशीर झालाच नाही, उलट मी लवकर आलोय! बूट ठेवलेत. भेटू.