जुनी विंडोज काढण्यापूर्वी



नवे कपाट घरात आले म्हणजे जुने मोडीत घालावयाचे, हा आपल्या संसाराचा नित्यक्रम आहे. परंतु ते भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी घरची बाई त्याचा एकेक खण उघडून पाहते. एखाद्या खणात शेताचा उतारा निघतो, एखाद्यात मुलाच्या जन्माचा दाखला. संगणकाच्या बाबतीत मात्र ही साधी खबरदारी आपण घेत नाही. जुनी कार्यप्रणाली, म्हणजे आपण जिला नुसते ‘जुनी विंडोज’ म्हणतो ती, आपण खण न उघडताच मोडीत घालतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल थांबवली. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी आणि एक्सपीची तर ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली होती. देखभाल संपली म्हणजे त्या प्रणालीत नव्याने सापडणारी छिद्रे बुजवणारा कोणी उरला नाही, असे समजावे. तेव्हा नवी प्रणाली बसवणे आणि जागा अडवून बसलेली जुनी काढून टाकणे, ही दोन्ही कामे योग्यच आहेत. प्रश्न एवढाच की, तिच्याबरोबर आणखी काय जाणार?

छायाचित्रे आणि हिशेब यांची आठवण बहुतेकांना असते. आठवण राहत नाही ती आपल्या अक्षरांची. युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीत देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले. पण ती घरोघरी रुळण्यास पुढे बरीच वर्षे लागली. तोवर मराठीचे लेखन श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम आणि कृतिदेव अशा साधनांवर चाले. आमच्या बऱ्हाणपुरात घरची भाषा मराठी आणि कचेरीची हिंदी. त्यामुळे एकाच संगणकात दोन-तीन तऱ्हांचे फॉन्ट नांदत असत. या जुन्या फॉन्टांची युक्ती अशी होती की, संगणक आत रोमन अक्षर साठवी आणि पडद्यावर त्याच्या जागी देवनागरीचे चित्र दाखवी. कृतिदेवमध्ये रोमन ‘डी’ हे लहान अक्षर दाबले की ‘क’ उमटतो, तो असा. फॉन्ट जवळ आहे तोवर सारे ठीक. फॉन्ट गेला की तीच फाईल उघडताच अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. फाईल शाबूत असते, पण तिची वाचा गेलेली असते.

नुसती नवी आवृत्ती जुनीवर चढवली तर हे फॉन्ट बहुधा टिकतात. पण डिस्क कोरी करून नवी प्रणाली बसवली, की ते जुन्या प्रणालीबरोबर जातात. शिवाय यांतील काही साधनांना संगणकाच्या मागे लावावयाचे कुलूप, म्हणजे डोंगल, लागत असे. ती नव्या संगणकावर चालतीलच असे नाही. आजोबांनी टंकलिखित केलेल्या आठवणी, यंत्रमागाच्या व्यवहारातील करारपत्रे, शाळेच्या प्रश्नपत्रिका, आमच्या ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेतील गीतांच्या पुस्तिका असे कितीतरी लेखन अशा फाईलींत पडून असते. छापील प्रत हरवली असेल, तर त्या लेखनाचे वाचन करू शकणारी जागा ती जुनी विंडोजच.

म्हणून कामाचा क्रम सांगतो. प्रथम जुनी प्रणाली चालू करून मराठी फाईली उघडून पाहाव्यात आणि कोणती फाईल कोणत्या फॉन्टात आहे, ते वहीत लिहून ठेवावे. मग त्या फाईली आणि विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ या फोल्डरातील संबंधित फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. एक्सपीमध्ये घरच्यांच्या फाईली ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये आणि पुढील आवृत्त्यांत ‘युझर्स’मध्ये असतात; पण ‘डी’ ड्राइव्हही पाहावा. जे लेखन अत्यंत मोलाचे, त्याची जुन्या प्रणालीवरूनच कागदावर एक प्रत काढावी. त्यानंतर फाईलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे. त्यासाठी रूपांतरक मिळतात, परंतु त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. त्यामुळे वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांत चुका राहतात. छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासावी. मूळ फाईल मात्र टाकू नये. शेवटी दुसऱ्या एखाद्या संगणकावर सारे उघडते की नाही, हे पाहावे. एवढे झाले म्हणजे जुन्या प्रणालीला निरोप देण्यास हरकत नाही.

निरोपाच्याही दोन रीती आहेत. नवी आवृत्ती जुनीवर चढवली असेल, तर जुनी ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात ठेवलेली असते. दहा दिवसांच्या आत मागे फिरता येते. पुढे ते फोल्डर आपोआप नाहीसे होते. आधीच काढावयाचे असल्यास सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज या वाटेने ‘टेंपररी फाइल्स’मध्ये जाऊन ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ यावर खूण करावी. एकदा ते काढले की मागचा रस्ता बंद होतो.

जुनी प्रणाली वेगळ्या डिस्कवर किंवा वेगळ्या भागात असेल, तर अधिक सावध राहावे. आमच्या गावचा कुंडी भंडारा पुष्कळांनी पाहिला असेल. मोगलांच्या काळी, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारातून शहरात आणण्यासाठी कुंड्यांची ती साखळी बांधली गेली. वरून प्रत्येक कुंडी सुटी विहीर वाटते. खाली सारे भुयार एक आहे. संगणकाच्या डिस्कचेही तसेच आहे. नवी प्रणाली बसवताना जुनी डिस्क जोडलेली असेल, तर नवीला जागे करणाऱ्या फाईली पुष्कळदा जुन्या डिस्कवरच बसतात. जुनी पुसली की नवीही उठत नाही. यावर सोपी परीक्षा आहे. संगणक बंद करून वीज काढावी, जुनी डिस्क सोडवावी आणि नवी प्रणाली एकटी सुरू होते का ते पाहावे. होत असेल तर निश्चिंत व्हावे. एकाच डिस्कवर दोन्ही असतील, तर ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जुन्या विंडोजचा मोठा भाग तेवढा काढावा, ‘ईएफआय’ किंवा ‘रिकव्हरी’ असे लिहिलेल्या लहान भागांना हात लावू नये. मोठ्या भागावरच ‘सिस्टीम’ अशी खूण असेल, तर तेथेच थांबून जाणकारास बोलवावे.

पुसण्याचे काम काही मिनिटांचे आहे. तपासण्यास एखादा रविवार जाईल. पण घरात ज्यांनी मराठीत काही लिहून ठेवले, त्यांतील कित्येकजण ते पुन्हा लिहून देण्यासाठी आज आपल्यात नाहीत. त्यांचे शब्द नव्या संगणकावर वाचता आले, म्हणजे जुनी विंडोज खुशाल जाऊ द्यावी.