शब्दकोड्यातलं फूल



रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं सोडवायला बसलं की एक सूचना हमखास भेटते : 'एक फूल, तीन अक्षरी'. आपल्या कोड्यात काना-मात्रेसकट, जोडाक्षरासकट एक अक्षर एका घरात बसतं. त्यामुळे मोगरा, शेवंती, जास्वंद, कण्हेर, केवडा यांतलं काहीही चालतं. उभा शब्द सुटेपर्यंत थांबायचं आणि हाती आलेल्या अक्षरावरून नाव भरून मोकळं व्हायचं. नाव लिहून होतं, पण फुलाशी ओळख होत नाही.

म्हणून कोडी रचणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे : नुसतं फूल मागू नका, त्याचा गुण सांगा. 'दुपार कलल्यावर उमलते' म्हटलं, की चार अक्षरांत गुलबक्षीच येणार. 'वास नाही, तरी गजऱ्यात मान' म्हणजे अबोली. आडव्या ओळीत 'सुकलं तरी दरवळतं' अशी सूचना देऊन बकुळ बसवा. तिच्या शेवटच्या 'ळ'वरून उभा पळस काढा; त्याची सूचना 'पानं झडल्यावर पेटतो'. एकाच घरात दोन झाडं भेटतात आणि दोन्ही लक्षात राहतात.

रानफुलांना तर अशा सूचनेची फारच गरज आहे. तेरडा घ्या. भाद्रपदात गौरी म्हणून तो घरात येतो, तरी त्याचं बोंड किती जणांनी न्याहाळलेलं असतं? पिकलेल्या बोंडाला बोट लागायचा अवकाश, साल वेटोळं घेते आणि बिया उडतात. 'हात लावताच बिया उडवतो' ही सूचना वाचून एखादं मूल कुंपणाशी जाऊन खरंखोटं करून बघेल.

कळलावीची पाकळी खाली पिवळी, वर लाल, मागे वळलेली. पानाच्या टोकाचाच तणावा होतो आणि त्याच्या आधाराने वेल चढते. 'पानाच्या टोकाने चढणारी विषारी वेल' या एका ओळीत ओळखही होते आणि सावधगिरीही. कारवी आठ वर्षांतून एकदा सामूहिकपणे फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८ साली बहरली, त्यानंतर २०१६ साली. आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कास पठारावरची सीतेची आसवे? निळी-जांभळी, नाजूक फुलं. पण ओल्या मातीतल्या इवल्या पिशव्यांनी ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडते. एवढी सामग्री हाताशी असताना 'एक फूल' लिहून का थांबायचं?

सोडवणाऱ्यांनाही एक विनंती. घर भरलं की झाड शोधा. जवळपास नसेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. गावोगावी त्याला आणखी नावं असतात. तीही समासात टिपून ठेवा. पुढच्या कोड्यात ती उपयोगी पडतील, आणि पावसाळ्यात डोंगरावर गेलात तर त्याहून अधिक.