नव्या मोटारीचा वास



कोऱ्या पुस्तकाचा किंवा कोऱ्या कापडाचा वास कोणास आवडत नाहीं? गेल्या चैत्रांत माझ्या मुलानें नवी मोटार घेतली, तेव्हां आम्हीं सर्वांनीं तिच्यांत बसून असाच दीर्घ श्वास घेतला. पुढें वैशाखांत एका लग्नासाठीं सोलापुरास गेलों. गाडी कार्यालयाबाहेर चार तास उन्हांत उभी होती. परततांना आंत बसतांच नात म्हणाली, "आजोबा, डोळे चुरचुरतात." समोरच्या कांचेवर आंतल्या बाजूनें धुरकट थर बसला होता. तो पुसला, तों फडकें तेलकट झालें. हें तेल आलें कोठून?

मोटारीच्या आंतील पुष्कळसे भाग प्लॅस्टिकचे असतात. त्यांपैकीं पीव्हीसी नांवाचें प्लॅस्टिक मुळांत कठीण असतें. तें मऊ व्हावें म्हणून त्यांत पुष्कळदां थॅलेट वर्गांतील तेलकट द्रव्यें मिसळतात. हीं द्रव्यें प्लॅस्टिकशीं रासायनिक रीतीनें जोडलेलीं नसतात, केवळ मुरलेलीं असतात. चिवड्याचें तेल कागदाच्या पुडीवर उमटावें, तशीं तीं उष्णतेनें बाहेर पडतात व कांचेवर बसतात.

शिवाय बैठकींचा फोम, पायांखालचा गालिचा व चिकटविण्याचीं द्रव्यें यांतून फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड, टोल्युईन, स्टायरीन यांचीं बाष्पें निघतात. ज्यास आपण नवेपणाचा वास म्हणतों, तो अशाच बाष्पांच्या मिश्रणाचा होय. शाळेच्या प्रयोगशाळेंत बेडूक ठेवलेल्या फॉर्मेलिनच्या बरणीचें झांकण काढतांच डोळ्यांस पाणी येई, तें फॉर्माल्डिहाइडमुळेंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं तें मनुष्यास कर्करोगकारक ठरविलें आहे.

मोटारींत याचें प्रमाण अल्प असतें व कांहीं महिन्यांत तें उतरत जातें. नातीचे डोळे त्यानेंच चुरचुरले, असें मी शपथेवर सांगणार नाहीं. उन्हाची झळही असेल. परंतु एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. चीननें २०११ सालीं मोटारींतील हवेसाठीं मर्यादा सुचविल्या. त्यांत फॉर्माल्डिहाइड एका घनमीटरास ०.१० मिलिग्रॅमहून अधिक नसावें, असें आहे. ही मोजणी बंद गाडींत, पण २५ अंश सेल्सिअस उष्णतामानांत करावयाची असते. आपल्याकडे उन्हांत उभी असलेली बंद गाडी ५० अंशांच्या सहज वर जाते, आणि उष्णता वाढली कीं बाष्पें वाढतात. परीक्षा सोपी घेतली, तर गुणपत्रिका खोटी नसली तरी अपुरी असते.

उपाय बिनखर्चाचे आहेत. गाडी सावलींत उभी करावी. निघण्यापूर्वीं चारी दारें उघडून हवा जाऊं द्यावी. वातानुकूलन लावल्यास आरंभीं बाहेरची हवा आंत घ्यावी. तीच हवा आंत फिरवीत बसूं नये. आंतील भाग ओल्या फडक्यानें पुसावे. वास झांकण्यासाठीं अत्तराची कुपी टांगूं नये. त्यानें विष जात नाहीं, सूचना मात्र जाते.

आमच्या घरीं आतां नातीनें नियम घातला आहे. दारें उघडून ती एकोणतिसाचा पाढा म्हणते, आणि तो संपल्याशिवाय कोणासही आंत बसूं देत नाहीं. पाढा चुकला, तर पुन्हा पहिल्यापासून. ती चुकली, तर मीही तिला दुरुस्त करण्याची घाई करीत नाहीं.