माळेचा हूक, घरच्या घरी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



मला हाताने केलेल्या दागिन्यांवर बोलायला सांगितलंय. मणी ओवायला तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माझ्यापेक्षा छान येतं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ते दिसतंच. म्हणून मी बोलणार आहे मानेमागच्या, कुणाचं लक्ष न जाणाऱ्या वस्तूवर. हुकावर.

कारण सांगते. आपण इथे राहायला येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. आईची काळ्या मण्यांची पोत मी नव्याने गाठवून घेतली होती. हूकही नवा, चकचकीत. पंधरा दिवसांत पोत गायब. घर पालथं घातलं, जिना पाहिला, आणि मग तोंडातून नको ते निघालं. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींना मी विचारलं, "तुम्ही नाही ना पाहिली?" शब्द साधेच होते, पण सूर त्यांना कळला. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. चार दिवसांनी पोत सापडली, माझ्याच शालीच्या गोंड्यांत अडकलेली. हूक उलगडून जवळजवळ सरळ झाला होता. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण कामाला काही परत आल्या नाहीत. त्या हुकाची तार नखाने वाकत होती हो! घेतानाच बघायला हवं होतं.

तेव्हापासून हूक मी स्वतः करते. सगळ्यात सोपा म्हणजे इंग्रजी एस अक्षरासारखा. पितळेची २० गेजची तार घ्यायची, जाडी एक मिलिमीटरच्या जरा आत. माळ जड असेल तर १८ गेजची. गेजचा आकडा कमी म्हणजे तार जाड, इथे दुकानात हमखास गोंधळ होतो. ही तार भुलेश्वरला मिळते. हात बसेपर्यंत तांब्याची वापरा, ती मऊ असते. ॲल्युमिनियमच्या नादी लागू नका, ते फारच मऊ.

साधारण ५ सेंटिमीटरचा तुकडा तोडायचा. तोडताना टोकावर बोट धरा, नाहीतर तो थेट डोळ्याकडे उडतो. दोन्ही टोकं कानशीने गुळगुळीत करायची, ती मानेला टोचतात आणि साडीचे धागे ओढतात. (सोन्याचं पाणी दिलेली तार असेल तर मात्र कानस हलकीच लावा, पाणी निघून जातं.) मग गोल तोंडाच्या पकडीने दोन्ही टोकांना बारीक वळसा द्यायचा, बाहेरच्या बाजूला. आता पेन्सिलीवर एक अर्धा भाग एका दिशेने वळवा, दुसरा उलट्या दिशेने. झाला एस. एका बाजूत माळेची कडी अडकवून ती बाजू पूर्ण दाबून बंद करायची. दुसऱ्या बाजूला फट ठेवायची, पण कडी जरा जोर लावूनच आत जाईल एवढीच.

आणि आता बहुतेक जणी विसरतात ते. कडी अडकवायच्या आधी हूक लोखंडावर ठेवून, गोलाईवर हातोडीने हलके ठोके द्यायचे. मी रद्दीवाल्याकडून घेतलेलं दोन किलोचं जुनं वजन वापरते. ठोकल्याने तार कडक होते, मग ती सहजासहजी उलगडत नाही. अति ठोकू नका, चपटी होऊन चिरते. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा, दुपारी झोपेची वेळ असते.

कडी करायची तर तार विणकामाच्या सुईवर गुंडाळून एकेक वेढा कापायचा. कडी उघडताना टोकं एकमेकांपासून लांब ओढायची नाहीत. दोन पकडी घेऊन एक टोक पुढे, एक मागे, दार उघडल्यासारखं. तशीच परत बंद. ओढून उघडलेली कडी पुन्हा नीट गोल होत नाही, आणि दोरा त्या फटीतून निसटतो.

एक सांगायलाच हवं. हा हूक गळ्यातल्या माळेसाठी. माळेच्या वजनाने तो ताणलेला राहतो, म्हणून टिकतो. ब्रेसलेट मनगटावर सैल फिरतं, त्याला हा लावलात तर भाजी निवडताना गळून पडेल. त्याला दाबून बसणारा, जिभेचा हूक विकतच घ्या. आणि सोन्याचं मंगळसूत्र असेल तर सोनाराकडेच जा, माझ्या भरवशावर राहू नका.

कार्यक्रमानंतर कॅरमच्या टेबलावर मी तारेचे तुकडे कापून ठेवलेत, पकडी तीनच आहेत. घरातल्या माळा घेऊन या, आधी जुने हूक नखाने वाकवून बघू. चष्मा विसरला असेल तर माझ्याकडे एक जादाचा आहे.